४एए म्हणजे काय नव्हे

पुण्यातल्या खराडीच्या आयटी पार्कांभोवती लग्नही उशिरा, मूलही उशिरा, हे आता सर्रास झालंय. आयव्हीएफच्या फाइलमध्ये भ्रूणापुढे ‘४एए’ दिसलं की जोडप्याचा जीव भांड्यात पडतो. पण हे गुण दिसण्याचे आहेत. पाचव्या दिवसाचं भ्रूण म्हणजे शंभरेक पेशींचा पोकळ गोळा. तो किती फुगलाय ते आकडा सांगतो. पहिलं अक्षर बाळ ज्यातून घडणार त्या आतल्या पुंजक्याचं, दुसरं वार ज्यातून होणार त्या बाहेरच्या थराचं. देखण्या भ्रूणातही गुणसूत्रं कमी-जास्त असू शकतात, आणि आईची पस्तिशी उलटली की ही गफलत वाढत जाते.

म्हणून ‘पीजीटी’ ही भ्रूणाची जनुकीय तपासणी सुचवतात. लेझरने कवचाला छिद्र पाडून बाहेरच्या थरातल्या पाच-दहा पेशी काढतात आणि भ्रूण उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवतात. म्हणजे तपासल्या जातात त्या वारेच्या पेशी, बाळाच्या नव्हेत! काही भ्रूणांत चांगल्या-सदोष पेशींची सरमिसळ असते. अशांतूनही निरोगी बाळं जन्मल्याचं इटलीतल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये नोंदवलं. चीनमध्ये बाराशेंहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात (२०२१) तपासून भ्रूण गर्भाशयात सोडलेल्यांपैकी ७७.२ टक्के स्त्रियांना मूल झालं, नुसतं पाहून निवडलेल्यांत ८१.८ टक्के. त्या सगळ्या ३७ वर्षांपर्यंतच्या होत्या, हे खरं. तरीही तरुण जोडप्यांच्या गळ्यात ही महागडी तपासणी सरसकट मारणं मला अन्यायाचं वाटतं.

दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर मात्र गोष्टच वेगळी. प्रत्येक भ्रूणाला आजाराचा धोका २५ टक्के. तिथे नेमकं ते जनुक तपासलं, तर जन्मभर रक्त चढवत राहणं टळतं. २०२१ चा एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायदाही भ्रूणाची जनुकीय तपासणी माहीत असलेल्या आनुवंशिक वा जनुकीय आजारांपुरतीच मान्य करतो.

गुणसूत्रं मोजताना एक्स-वाय दिसतातच, पण मुलगा की मुलगी हे आपल्याकडे पालकांना सांगता येत नाही. यात पुण्याचा वाटा मोठा आहे. लिंगनिदानबंदीचा कायदा नीट अमलात यावा म्हणून इथली ‘मासूम’ ही संस्था, मुंबईची ‘सेहत’ ही संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या कायद्याच्या २००३ च्या दुरुस्तीने गर्भ राहण्याआधीची लिंगनिवडही गुन्हा ठरली.