न्यूज सर्व्हर उत्तर देतो, पण आत घेत नाही

1990 च्या दशकात परदेशातली मराठी मंडळी 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' या यूजनेट गटावर भेटायची, आणि मराठी रोमन लिपीत लिहायची. गूगल ग्रुप्सने 22 फेब्रुवारी 2024 पासून यूजनेटवर नवा मजकूर टाकण्याची सोय बंद केली. जुनं तिथे वाचता येतं. नवं लिहायचं तर कुठल्यातरी न्यूज सर्व्हरवर खातं हवं. खातं निघतं, न्यूजरीडरमध्ये सगळी माहिती भरली जाते, तरी गट उघडत नाही. पडद्यावर एवढंच येतं: जोडणी झाली नाही. वरणगावात मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बसलेल्याला मग कळत नाही की चूक पासवर्डात आहे, सर्व्हरवर आहे की मधल्या नेटवर्कमध्ये. कमांड लाइनवर सर्व्हरशी थेट बोललं की ते कळतं.

(इथल्या आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. टाइप मात्र रोमन अक्षरांत करा.)

आधी पोर्ट

न्यूज सर्व्हरचं साधं पोर्ट 119 आणि टीएलएसचं, म्हणजे सुरक्षित जोडणीचं, 563. लिनक्सवर 'एनसी -व्ही -झेड', मग सर्व्हरचं नाव आणि पोर्ट लिहा. विंडोजवर पॉवरशेलमधलं 'टेस्ट-नेटकनेक्शन' हेच काम करतं. नावच सापडलं नाही तर स्पेलिंग किंवा डीएनएस बघा. जोडणी लगेच नाकारली गेली तर बहुधा त्या पोर्टावर कुणी ऐकत नाही. बराच वेळ काहीच न होता 'टाइम आउट' आलं तर मधल्या फायरवॉलचा संशय घ्या आणि दुसऱ्या नेटवर्कवरून तीच आज्ञा चालवून बघा. इथे अडलं असेल तर पासवर्ड बदलत बसण्यात अर्थ नाही.

मग सुरक्षित जोडणी

'ओपनएसएसएल एस_क्लायंट -सीआरएलएफ -कनेक्ट', पुढे सर्व्हरचं नाव, अपूर्णविराम (:) आणि 563. 'सीआरएलएफ' गाळू नका, कारण या प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक ओळ त्याच दोन चिन्हांनी संपते. प्रमाणपत्राच्या लांबलचक मजकुरात 'व्हेरिफाय रिटर्न कोड: 0' दिसला की प्रमाणपत्राची साखळी ठीक आहे. ते पाहून झालं की '-क्विएट' जोडून पुन्हा चालवा. त्याशिवाय 'क्यू' या मोठ्या अक्षराने सुरू होणारी ओळ एस_क्लायंट स्वतःसाठीच समजतो आणि जोडणी तोडतो.

ओळख पटवणं

जोडणी होताच सर्व्हर 200 किंवा 201 म्हणतो. 200 म्हणजे लिहिता येईल, 201 म्हणजे फक्त वाचता येईल. पुष्कळ जण 200 पाहून लॉगिन झालं असं धरून चालतात, पण तो फक्त नमस्कार असतो. खरी ओळख पुढे:

ऑथइन्फो यूजर (तुमचं नाव)
381
ऑथइन्फो पास (पासवर्ड)
281

381 म्हणजे पासवर्ड द्या, 281 म्हणजे मान्य. ओळखीशी संबंधित आकड्यांत मधला अंक 8 असतो, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं. 480 आला तर आधी लॉगिन करा. 481 म्हणजे नाव-पासवर्ड अमान्य. 482 म्हणजे क्रम चुकला, उदाहरणार्थ नावाआधीच पासवर्ड दिला. 483 आला तर सर्व्हरला सुरक्षित जोडणी हवी आहे, 563 वर जा. आणि 119 वर सर्व्हर मागत असला तरी पासवर्ड देऊ नका. तिथे तो वाटेत जसाच्या तसा वाचता येतो. 563 वरही टाइप करताना तो पडद्यावर उघडा दिसतो, तेव्हा स्क्रीनशॉट पाठवण्याआधी तेवढा भाग झाका.

गट आहे का?

'ग्रुप' लिहून पुढे गटाचं पूर्ण नाव द्या. 211 आला तर सोबत संदेशांची अंदाजे संख्या आणि पहिला-शेवटचा क्रमांक मिळतो. 411 म्हणजे हा गट या सर्व्हरवर नाही. तुमचं खातं ठीक आहे, सर्व्हर दुसरा शोधा.

एवढं करूनही अडलं तर सर्व्हर चालवणाऱ्याला मिळालेला आकडा आणि वेळ कळवा. वेळ 'डेट' या आज्ञेने घ्या. सर्व्हर 111 सोबत वर्षापासून सेकंदापर्यंतचे अंक देतो, ते यूटीसीमध्ये असतात. भारतीय वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे, म्हणून वरणगावात रात्री 9 वाजता केलेली चाचणी तिकडे 15:30 ची दिसते. पत्रात तीच वेळ लिहा.