राणीछाप रुपयाची पारख

घरातील जुन्या पेटीच्या तळाशी काळवंडलेले चार-दोन राणीछाप रुपये हाती लागले, म्हणजे ते चिंच किंवा रांगोळीने घासून लख्ख करावेत असे कोणासही वाटेल. कृपा करून तसे करू नका. चांदीच्या भांड्याला जे मानवते ते नाण्याला मानवत नाही. नाणे पाडताना ठशाच्या दाबाने त्याच्या अंगावर जी झळाळी उमटते, ती एकदा घासली गेली की पुन्हा आणता येत नाही. आणि जाणता संग्राहक सर्वप्रथम तीच पाहतो. काळसर छटा हा दोष नव्हे. घासल्याच्या बारीक रेघा मात्र दोषच होत, आणि भिंगाखाली त्या लपत नाहीत.

पारख करताना नाणे कडेने धरावे व दिव्याखाली हळूहळू तिरके करावे. कोऱ्या नाण्यावरून प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फिरतात. मग छापाचे उंच भाग न्याहाळावेत, कारण झीज तेथूनच सुरू होते: राणीच्या छापावर मुकुट, केस व वस्त्रावरील नक्षी, पंचम जॉर्जच्या छापावर मुकुट, भुवई आणि कान. नक्षी पुसट पण झळाळी शाबूत, असे असेल तर ती झीज नसून ठसाच मुळात हलका बसलेला असतो. कडही फिरवून पाहावी. पूर्वी रुपयांना कडी जोडून माळा करीत. कडी काढली तरी डाखाची खूण राहते, आणि एरवी सुबक असलेल्या नाण्याचेही मोल तेवढ्याने उतरते.

आता टाकसाळीच्या चिन्हाकडे वळू. राणीच्या मुंबईच्या रुपयांवर, वर्ष असलेल्या बाजूस, तळच्या नक्षीत ‘बी’ हे इवलेसे अक्षर कित्येकदा आढळते. कोठे ते उठावाचे, तर कोठे खोल कोरलेले. १८६२ सालच्या रुपयाची गंमत तर आणखीच निराळी. ते साल घातलेले रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते, आणि मुंबईच्या टाकसाळीने त्यांवर घातलेले ठिपके त्या त्या वर्षाचे निदर्शक असावेत, असे अभ्यासक मानतात. म्हणून हे नाणे हाती आल्यास ठिपके मोजल्यावाचून ठेवू नये.

पंचम जॉर्जच्या रुपयावर तळच्या कमळाखाली एक ठिपका असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. १९११ च्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा भासला, लोकांत क्षोभ झाला, आणि १९१२ मध्ये तो सुधारावा लागला. पुढे लाहोरला टाकसाळ निघाली. तिच्या १९४४ व १९४५ च्या रुपयांवर ‘एल्’ हे अक्षर आहे.

दुर्मिळ म्हटले की बनावट आलीच. १९३९ चा रुपया फार थोडा आढळतो, म्हणून त्या सालाचा शेवटचा अंक भिंगाखाली पाहावा. इतर अंकांशी त्याची ठेवण जुळत नसेल तर शंका घ्यावी. वजनही करावे. तोवरच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे, वजन सुमारे ११.६६ ग्रॅम. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर ही चिन्हे सालाखाली असतात: मुंबईची चौकट, हैदराबादची चांदणी, १९८८ पासून नोएडाचा गोल ठिपका. कोलकात्याला आजही चिन्ह नाही. ठिपका म्हणजे मुंबई ही जुनी खूण नव्या नाण्यास लावल्यास फसगत व्हायची. आणि १९८५ च्या रुपयावर ‘एच्’ दिसला तर तो बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीत पाडलेला समजावा.

जुन्या नाण्याला लाखो रुपये देऊ करणाऱ्या आणि आधी ‘शुल्क’ मागणाऱ्या जाहिरातींपासून मात्र आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना जपा. त्यांत रिझर्व्ह बँकेचे नावही बेधडक वापरले जाते. अशा व्यवहारांत आपण पडत नाही व कोणतेही कमिशन मागत नाही, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. नाणे विकायचेच झाले तर ते दोन-तीन जाणकारांना समक्ष दाखवावे. आणि तोवर मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता कोरड्या कागदी पाकिटात, प्रत्येक निराळे, ठेवावे.