डोळ्यांखालची सूज आणि जेलची डबी

रात्रपाळी करून सकाळी घरी परतणाऱ्या कामगाराचे डोळे पाहावेत. इचलकरंजीचे माग असोत वा उद्यमनगरातील कारखाने, खालच्या पापण्या पुष्कळदा फुगलेल्या दिसतात. या सुजेवर वनस्पतींच्या अर्काची जेल बाजारात मिळते. ती विकत घेण्यापूर्वी, किंवा घरी करून विकण्यापूर्वी, तिच्यात काय असते ते पाहू.

पापणीची कातडी फार पातळ. आडवे झाल्यावर अंगातील पाणी तिच्याखाली साठते. मीठ जास्त झाले, झोप अपुरी पडली, की अधिकच. चहाच्या पानातील कॅफीन बारीक रक्तवाहिन्या आकसवते, टॅनिन कातडी आवळते आणि जेलमधील पाणी उडताना गारवा येतो. काकडीचा गुण मुख्यतः या गारव्याचाच. आराम मिळतो, तो काही तासांचा. वयपरत्वे पापणीखालची चरबी पुढे आली असेल, तर तेवढाही नाही.

शंभर ग्रॅम जेलमध्ये नव्वदीच्या आसपास पाणीच असते. त्यात सुमारे अर्धा ग्रॅम कार्बोमर नावाची भुकटी भिजवतात. ती आम्लधर्मी असल्याने थेंबथेंब अल्कली घालताच मिश्रण घट्ट होते. शिवाय तीन-चार ग्रॅम ग्लिसरीन आणि एक-दोन ग्रॅम अर्क. कोरफडीच्या रसातील क्षारांनी हा घट्टपणा मोडतो. म्हणून अर्क बेतानेच घालावा लागतो.

खरा धोका पुढेच आहे. पाणी आणि वनस्पतीचा रस म्हणजे जंतूंना पंगतच! परिरक्षक द्रव्य नसेल, तर 'शुद्ध नैसर्गिक' डबीतील जंतू डोळ्यात जाऊन दृष्टीवर घाला घालू शकतात. अमेरिकेत १९३३ साली पापण्यांच्या केसांच्या एका रंगाने डोळे गेले. तेथे १९३८ साली प्रसाधनांवर कायदा झाला. आपल्याकडे १९४० च्या औषध कायद्याखाली प्रसाधने आली ती १९६२ च्या दुरुस्तीने. आज २०२० चे नियम लागू आहेत. विक्रीसाठी जेल करावयाची तर परवाना हवाच. बचत गटातील भगिनींना आम्ही नाउमेद करीत नाही. परंतु परवाना व तपासणी यांची वाट त्यांना दाखविणे हे आपणा सर्वांचे काम आहे.

चेहऱ्याबरोबर पायही सुजत असतील, तर डबी बाजूला ठेवून वैद्यकीय तपासणी करावी. मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. आणि सूज जागरणाची असेल, तर तिचे औषध दुकानात नाही. ते पाळीच्या तासांत आहे. त्यासाठी मागणी एकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून करावी लागते.