पॉपअप विंडो

वेबपृष्ठ पाहत असताना त्यातील आज्ञावलीमुळे मूळ विंडोखेरीज जी दुसरी, बहुधा लहान आकाराची विंडो पडद्यावर उघडते, तिला पॉपअप विंडो म्हणतात. तिचे नियंत्रण मुख्यतः जावास्क्रिप्ट या भाषेतून केले जाते. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत १९९५ मध्ये तयार केली.

विंडो उघडण्यासाठी ‘विंडो.ओपन’ ही आज्ञा वापरतात. तीत पृष्ठाचा पत्ता, विंडोचे नाव आणि रुंदी, उंची, स्थान इ. गुणधर्म देता येतात. यांपैकी नावाकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. त्या नावाची विंडो आधीच उघडी असेल, तर नवे पृष्ठ तीतच येते. नाव न दिल्यास प्रत्येक वेळी नवी विंडो उघडते व पडद्यावर गर्दी होते. आज्ञावलीने स्वतः उघडलेली विंडो तिला बंदही करता येते. वाचकाने उघडलेली मात्र सामान्यतः बंद करता येत नाही.

प्रारंभी या सुविधेवर फारसे बंधन नव्हते. १९९०–२००० या दशकाच्या उत्तरार्धात ट्रायपॉड या संकेतस्थळासाठी ईथन झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या विंडोत दाखविणारी आज्ञावली लिहिली. सदस्यांच्या आक्षेपार्ह पृष्ठांशी जाहिरातदाराचे नाव जोडले जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. २०१४ मध्ये झुकरमन यांनी त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. तोवर या तंत्राचा उपद्रव सर्वांना परिचित झाला होता : एक विंडो मिटताच दुसरी उघडे, तर काही विंडो मूळ विंडोच्या मागे दडून राहत. ऑपेरा (२०००), मोझिला १.० (२००२) आणि विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणा-संचातील इंटरनेट एक्सप्लोरर (२००४) यांत प्रतिबंधाची सोय आली आणि विंडो उघडू द्यावयाची की नाही, हे ब्राउझर ठरवू लागला.

वाचकाने क्लिक किंवा कळ दाबणे यांसारखी कृती केली आहे काय, ही यातील मुख्य कसोटी होय. कृतीचा परिणाम अल्पकाळच टिकतो. क्लिकनंतर दूरच्या संगणकाच्या उत्तराची वाट पाहून विंडो उघडू गेल्यास ती अडविली जाण्याचा संभव असतो. म्हणून क्लिक होताच रिकामी विंडो उघडून पत्ता मागाहून भरतात. विंडो अडविली गेल्यास आज्ञेकडून ‘नल’ हे मूल्य परत येते. ते तपासून वाचकाला साधा दुवा दाखविणे हितावह असते.

नव्या विंडोतील पृष्ठाला ‘ओपनर’ या संदर्भाद्वारे मूळ विंडोचा पत्ता बदलता येतो. पाठीमागील ओळखीच्या पृष्ठाजागी बनावट प्रवेशपृष्ठ ठेवून परवलीचा शब्द हस्तगत करणे त्यामुळे शक्य होते. परक्या संकेतस्थळाची विंडो उघडताना ‘नोओपनर’ हा गुणधर्म देणे यासाठीच आवश्यक ठरते. मात्र तो दिल्यास विंडो उघडूनही ‘नल’च परत येते व वरील तपासणी निरुपयोगी होते.

सूचना वा लहान अर्ज यांसाठी आता बहुधा पृष्ठातच चौकट दाखवितात. त्यासाठीचा ‘डायलॉग’ हा घटक २०२२ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध आहे. अशी चौकट ही स्वतंत्र विंडो नसल्याने वरील प्रतिबंध तिला लागू होत नाही; पृष्ठ उघडताच मजकूर झाकणाऱ्या जाहिराती पुन्हा वाढल्या, त्या याच वाटेने.