चाकांवरचं घर, पाण्याची एक्झिट!

वर बघा! दिल्लीत मुनिरकातल्या गच्चीवर उभं राहिलं की इंदिरा गांधी विमानतळाकडे निघालेली विमानं अगदी खालून जाताना दिसतात. पण माहीत आहे का, इथून जवळच्याच वसंत एन्क्लेव्हमधल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं या विमानांवर थेट केस ठोकली होती? घराच्या भिंतींवर आणि गच्चीवर पडणारे डाग विमानातल्या मैल्याचे आहेत, असं त्यांचं म्हणणं. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं निकाल दिला: हवेत टाकी रिकामी केली, तर विमान कंपनीनं ५० हजार रुपये भरपाई भरायची!

थांबा, याहून भारी किस्सा आहे. जानेवारी २०१८. गुडगावजवळचं फाजिलपूर बादली गाव. आकाशातून शेतात धप्पकन एक बर्फाचा मोठा गोळा पडला. उल्का आली म्हणून लोक धावले, काहींनी तुकडे घरी नेऊन फ्रिजमध्ये जपून ठेवले. मग तज्ज्ञांनी सांगितलं, हा बहुधा 'ब्लू आइस' आहे. म्हणजे विमानाच्या टॉयलेटमधून गळलेलं आणि उंचावर गोठलेलं पाणी. निळं का? टॉयलेटमधल्या जंतुनाशकामुळे. फ्रिज किती वेळा धुतले असतील, विचार करा!

तर आजचा आपला विषय हाच. घर चालायला लागलं की त्याच्या मोरीचं पाणी जातं कुठं?

मुनिरकाहून रिक्षा पकडा आणि चाणक्यपुरीचं राष्ट्रीय रेल्वे म्युझियम गाठा. १९७७ पासून तिथं चाकांवरचे राजवाडेच उभे आहेत. प्रिन्स ऑफ वेल्सचा १८७५ चा सलून. म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ चा सलून. आणि मराठी माणसानं खास थांबून बघावा असा बडोद्याच्या गायकवाडांचा, १८८६ चा! लोक आत डोकावून सागवान आणि नक्षी बघतात. तुम्ही मात्र खाली वाकून चाकांच्या मध्ये बघा. खरं इंजिनिअरिंग तिथं असतं.

आणि माहीत आहे का, आपल्या रेल्वेतल्या टॉयलेटच्या गोष्टीत हिरो कोण? फणस! १९०९ मध्ये ओखिल चंद्र सेन नावाच्या प्रवाशानं साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला पत्र लिहिलं. फणस जास्त झाला, पोट बिघडलं, अहमदपूर स्टेशनवर ते उतरून गेले आणि तेवढ्यात गार्डनं शिट्टी फुंकली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर, अशी धावाधाव आणि सगळ्या फलाटासमोर पडझड. हे पत्र रेल्वेच्या इतिहासातलं सर्वांत प्रसिद्ध तक्रारपत्र ठरलं. कोकणातल्या वाचकांनो, गऱ्यांवर जरा कंट्रोल!

पुढं डब्यांत टॉयलेट आलं, पण पाईप? तो थेट रुळांवर उघडायचा. 'स्टेशनात गाडी उभी असताना वापरू नये' ही पाटी आपण सगळ्यांनी वाचली आहे. नुकसान फक्त नाकाचं नव्हतं. मैल्यानं रूळ गंजतात, रूळ धरून ठेवणाऱ्या क्लिपा गंजतात. हे खणखणीत सांगितलं कुणी? आपल्या डॉ. अनिल काकोडकरांच्या समितीनं, २०१२ च्या रेल्वे सुरक्षा अहवालात. विषय स्वच्छतेचा वाटतो, पण तो सुरक्षेचा निघाला. आणि तो मैला रुळांवरून हातानं उचलणारी माणसं होती, हे तर कधीच विसरू नये.

मग एंट्री झाली बॅक्टेरियाची! सियाचीनच्या थंडीत जवानांच्या टॉयलेटचं काय करायचं, यावर डीआरडीओच्या शास्त्रज्ञांनी उत्तर शोधलं होतं: हवेशिवाय जगणारे, मैला खाऊन त्याचं पाणी आणि वायू करणारे जिवाणू. रेल्वेच्या डब्याखालच्या टाकीत त्यांची वस्ती बसवली की झालं बायो-टॉयलेट. जुलै २०१६ मध्ये रामेश्वरम ते मानामदुराई हा ११४ किलोमीटरचा पट्टा देशातला पहिला 'ग्रीन कॉरिडॉर' झाला. तिथल्या गाड्यांतून रुळांवर काहीच पडायचं नाही. त्याच वर्षी सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना पहिल्यांदा इंजिनात बायो-टॉयलेट बसलं. म्हणजे त्याआधी इंजिन चालवणाऱ्यांनी तासन्‌तास काय केलं असेल? उत्तर नको, नुसता सलाम ठोका.

आणि बायो-टॉयलेटचा शत्रू नंबर वन? पाण्याची बाटली. गुटख्याची पुडी. डायपर. जिवाणू बिचारे सगळं खातात, प्लॅस्टिक नाही खात.

आता रुळावरून रस्त्यावर येऊ. हौसेची पहिली कॅराव्हॅन कुणाची, माहीत आहे का? ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले डॉक्टर आणि लेखक गॉर्डन स्टेबल्स. १८८५ मध्ये त्यांनी ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यात 'वाँडरर' बांधून घेतली. पुढं दोन घोडे, आत पुस्तकं, आणि १३०० मैलांची भटकंती!

पुढं मोटारी आल्या, मागं ओढायचे ट्रेलर आले. पण जुन्या ट्रेलरची मोरी म्हणजे सरळ एक पाईप. सिंकखालून निघाला, फरशीतून खाली, संपला. खाली बादली ठेवा, नाहीतर जमीन आहेच. अमेरिकेत एअरस्ट्रीम कंपनीनं १९५७ मध्ये 'इंटरनॅशनल' मॉडेल काढलं. पाणी, वीज, टॉयलेट, सगळं स्वतःसोबत घेऊन फिरणारा ट्रेलर! आज अशी जुनी चकचकीत गाडी कुणाच्या हाती लागली की रंग, पडदे, गाद्या सगळं बदललं जातं. पाईप मात्र शेवटी आठवतो. चूक! पाईप पहिला.

कारण सांगतो. पण त्यासाठी माझ्यासोबत मुनिरका गावात चला. इथल्या गल्ल्या इतक्या अरुंद की कॅराव्हॅन आउटर रिंग रोडवरच उभी करावी लागेल. पण आतल्या हार्डवेअरच्या दुकानात तुम्हाला हवं ते सगळं मिळेल. दुकानदाराला म्हणा, 'भैया, नहानी ट्रैप दिखाना.' ऐकलंत? नहानी! आपली न्हाणी, न्हाणीघर! मराठी कानाला घरचा वाटणारा शब्द दिल्लीच्या प्लंबरच्या तोंडी रोज आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला गाव भेटल्यासारखं वाटलं होतं.

मी एक पी-ट्रॅप, म्हणजे मोरीखालचा वाकडा पाईप, हातात घेतला आणि त्यात बाटलीतलं पाणी ओतलं. अर्धं पाणी पलीकडून निघून गेलं, उरलेलं वाकणात बसून राहिलं. बस्स, हीच जादू! तळाशी राहिलेलं दोन-तीन घोट पाणी गटारातला वास अडवून धरतं. ही आयडिया कुणाची? प्लंबरची नाही, घड्याळजीची! लंडनमध्ये घड्याळं बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश माणसानं १७७५ मध्ये एस आकाराच्या वाकड्या पाईपचं पेटंट घेतलं. वेळ सांभाळणाऱ्यानं वाससुद्धा सांभाळला.

पण घर चालू लागलं की हाच ट्रॅप फसतो. खड्ड्यात गाडी उसळली, पाणी सांडलं, वास आत. म्हणून आता कॅराव्हॅनवाले 'हेप्व्हो' नावाचा व्हॉल्व्ह लावतात. त्यात पाणीच नाही. आत सिलिकॉनची मऊ पिशवी. पाणी आलं की उघडते, गेलं की ओठ मिटल्यासारखी बंद. आडवी बसते, जागा वाचते. माझं मत विचाराल तर जुन्या ट्रेलरमधला हा सर्वांत समाधानाचा खर्च.

आता एक मिलिमीटरची थ्रिलर स्टोरी. जुना अमेरिकन ट्रेलर असेल तर त्याचा मुख्य पाईप तीन इंची. नाव तीन इंची, पण बाहेरून मोजा: ८८.९ मिलिमीटर. आपल्या दुकानातला एसडब्ल्यूआर पाईप ९० मिलिमीटरचा. फरक फक्त १.१! डोळ्याला दिसत नाही, हाताला कळत नाही, पण फिटिंगमध्ये सॉल्व्हंट लावून दाबलं तर सांधा धड धरत नाही. पहिल्याच खड्ड्यात गळती. यावर इलाज म्हणजे रबरी कपलिंग आणि दोन्ही बाजूंना स्टीलचे क्लॅम्प. रबर फरकही पोटात घेतं आणि गाडीचे धक्केही. आणि हो, एसडब्ल्यूआर म्हणजे काय, माहीत आहे का? सॉइल, वेस्ट, रेन! मैला, सांडपाणी, पाऊस. तीन अक्षरांत अख्ख्या घराचा निचरा.

उतार किती हवा? फुटाला पाव इंच. लक्षात ठेवायला सोपं, बसवायला अवघड, कारण ट्रेलरखाली जागाच वीतभर.

सिंक रिकामं होताना गुडगुड आवाज करतं? त्याला हवा हवी आहे! पाणी खाली जाताना मागून हवा आली नाही तर ते ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं. म्हणून टाकीपासून छतापर्यंत हवेचा पाईप लागतो. छताला भोक पाडायचं नसेल तर सिंकखाली एकमार्गी हवेचा व्हॉल्व्ह बसतो, पण टाकीला मात्र छताचा पाईप हवाच.

आता रंगपंचमी. कॅराव्हॅनच्या दुनियेत पाण्याला रंग असतात. सिंक आणि शॉवरचं ते ग्रे. टॉयलेटचं ते ब्लॅक. दोन टाक्या, दोन व्हॉल्व्ह. आणि रिकामं करायचा क्रम ठरलेला: आधी ब्लॅक, मग ग्रे. का? साबणाचं पाणी मागून येऊन पाईप धुऊन काढतं! ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवलात, तर पातळ वाहून जातं, घट्ट मागं राहतं आणि टाकीत डोंगर वाढतो. कॅराव्हॅनवाल्यांनी त्याला 'पिरॅमिड' असं नाव दिलंय. तो फोडायला छिन्नी लागते, असं नाही, पण संयम भरपूर लागतो.

आणि वजन? सोपं गणित. एक लिटर म्हणजे एक किलो. १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो. ती मागच्या टोकाला लटकवलीत तर हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. टाकी चाकांच्या आसपासच हवी.

सर्वांत अचाट आयडिया बघायची आहे? १९७० च्या दशकात अमेरिकेत 'थर्मासान' नावाची सिस्टिम आली. टाकीतला मैला बारीक करायचा आणि हायवेवर धावताना इंजिनाच्या तापलेल्या एक्झॉस्टमध्ये सोडून जाळून टाकायचा! टाकी रिकामी करायला थांबायलाच नको. तुमच्या मागच्या गाडीतल्या लोकांनी मात्र काचा वर ठेवलेल्या बऱ्या.

चंद्रावरून आलेले पाहुणे ट्रेलरमध्ये उतरले होते, हे ऐकलंय? जुलै १९६९. अपोलो ११ चे तिन्ही अंतराळवीर परतले ते थेट एका एअरस्ट्रीममध्ये बंद! चंद्रावरचे जंतू पसरू नयेत म्हणून आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला, म्हणजे गळती झालीच तर हवा आत येईल, बाहेर जाणार नाही. आतलं काही बाहेर पडता कामा नये, ही या ट्रेलरची अट. आणि अपोलो १२ चा ट्रेलर? नासानं तो देऊन टाकला आणि सगळे विसरले. २००७ मध्ये तो अलाबामातल्या एका मत्स्यबीज केंद्रात सापडला!

टाकी कुठं उघडायची याचं भान सुटलं तर? ८ ऑगस्ट २००४, शिकागो. डेव्ह मॅथ्यूज बँडची टूर बस नदीवरच्या पुलावरून चालली होती. पूल जाळीचा. ड्रायव्हरनं वाटेतच टाकी सोडली. सुमारे ३६० किलो मैला आणि खाली नेमकी पर्यटकांनी भरलेली उघडी बोट, इमारती बघायला वर माना केलेल्या! ड्रायव्हरनं गुन्हा कबूल केला, बँडला मोठी भरपाई भरावी लागली.

आता आपल्याकडची अभिमानाची गोष्ट, आणि ही जरा सावकाश वाचा. २०१६ मध्ये पुण्यात भंगारात निघालेल्या बसचं सोनं झालं. महापालिका आणि साराप्लास्ट कंपनीनं जुन्या बसच्या आत बायकांसाठी टॉयलेट बसवली. नाव काय? 'ती'! तिची जागा, तिचं टॉयलेट. सीट काढल्या, पाईप टाकले, बेसिन आलं, वाहतं पाणी आलं. कल्पना सुचली ती सॅन फ्रान्सिस्कोवरून. तिथं जुन्या बसमध्ये बेघरांसाठी शॉवर बसवले होते. बाजारात आलेली, बसस्टॉपवर ताटकळणारी, बाळाला घेऊन निघालेली बाई दिवसभर पाणीच पीत नाही, कारण जायचं कुठं? तिच्यासाठी बाद बसचं प्लंबिंग म्हणजे चैन नव्हे, आरोग्य आहे. रेल्वेच्या राजेशाही सलूनपेक्षा मला ही बस जास्त राजेशाही वाटते.

झटपट दोन. वंदे भारतसारख्या गाड्यांतलं व्हॅक्यूम टॉयलेट एका फ्लशला साधारण अर्धा लिटर पाणी घेतं. साध्या टॉयलेटला दहा-पंधरा लिटर लागतात. आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकानं २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत वापरायचा टप्पा गाठला. घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं धरून! पृथ्वीभोवती फिरणारी ती सर्वांत उंच चाळ, पण मोरी सगळ्यात शिस्तीची.

महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, त्यामुळे ही चाकांवरची घरं आता आपल्या घाटांतही दिसणार. भाड्यानं घेताना किंवा जुनी विकत बघताना बेड, एसी, टीव्ही नंतर बघा. आधी खाली वाका, टाक्या मोजा, व्हॉल्व्ह उघडून बंद करा, आणि मालकाला एकच प्रश्न विचारा: 'ही रिकामी कुठं करता?' उत्तर 'रस्त्याकडेला कुठंही' असं आलं, तर ती गाडी घेऊ नका.