जुना गेम नव्या कन्सोलवर का चालत नाही? उत्तर कल्याण लोकलमध्ये आहे!

डोंबिवलीतलं घर आवरताना माळ्यावरून एक खोका खाली येतो. आत प्लेस्टेशन 2 च्या डिस्क. घरात नवाकोरा प्लेस्टेशन 5 आहे, म्हणून मोठ्या हौसेने डिस्क आत सरकवली जाते. पण गेम काही सुरू होत नाही. डिस्क खराब झाली का?

बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते. नवं यंत्र तिची भाषाच समजत नाही.

लोकलचा आणि याचा काय संबंध?

मुंबईच्या लोकल पूर्वी 1500 व्होल्ट डीसी विजेवर धावायच्या. मध्य रेल्वेने मुख्य मार्ग टप्प्याटप्प्याने 25,000 व्होल्ट एसीवर नेला आणि हे काम जून 2015 मध्ये पूर्ण झालं. मधल्या काळात कसाऱ्याकडे एसी आणि मुंबईकडे डीसी अशी स्थिती होती. तेव्हा ठाणे-कल्याणकरांची सोय केली ती दोन्ही विजांवर धावणाऱ्या गाड्यांनी. फक्त डीसीवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांना एसी तारेखाली जागाच उरली नाही.

आता गाडी म्हणजे कन्सोल आणि वीज म्हणजे गेम समजा. नवी गाडी जुन्या विजेवरही धावली, तर ती 'बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी'. जुनी गाडी नव्या विजेवर धावली, तर ती 'फॉरवर्ड कम्पॅटिबिलिटी'.

दुसरा प्रकार दुर्मीळ, पण घडलेला आहे. निन्टेन्डोचा गेम बॉय कलर 1998 मध्ये आला, तेव्हा त्याच्या काळ्या कार्ट्रिज जुन्या गेम बॉयवरही चालायच्या, फक्त रंग दिसायचे नाहीत. पारदर्शक कार्ट्रिजना मात्र नवं यंत्रच लागायचं.

कंपन्या हे जमवतात कसं?

पहिला मार्ग म्हणजे जुनी चिप नव्या यंत्रात बसवणं. प्लेस्टेशन 2 मध्ये पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर होता. प्लेस्टेशन 3 च्या सुरुवातीच्या काही मॉडेलमध्येही प्लेस्टेशन 2 च्या चिप होत्या. पण चिप म्हणजे खर्च. पुढे त्या काढल्या गेल्या.

दुसरा मार्ग एम्युलेशनचा, म्हणजे सॉफ्टवेअरने जुन्या यंत्राची नक्कल करणं. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये एक्सबॉक्स 360 ची डिस्क घातली, की त्या गेमची नव्या यंत्रासाठी तयार केलेली प्रत इंटरनेटवरून उतरते. अर्थात, तो गेम कंपनीच्या यादीत असेल तरच.

तिसरा मार्ग सगळ्यात सोपा. चिपचं घराणंच बदलायचं नाही. प्लेस्टेशन 4 आणि 5 च्या चिप एकाच घराण्यातल्या आहेत. म्हणून प्लेस्टेशन 4 चे बहुतेक सगळे गेम्स 5 वर चालतात. प्लेस्टेशन 3 ची चिप वेगळ्याच धाटणीची होती, त्यामुळे त्याच्या डिस्क 4 आणि 5 वर चालत नाहीत. प्लेस्टेशन 2 च्या डिस्कचंही तेच.

मग बिघडलं कुठे?

2009 मध्ये प्लेस्टेशन 2 साठी 'हनुमान: बॉय वॉरियर' आणि 'देसी अड्डा' हे भारतात बनलेले गेम्स आले. 'देसी अड्डा'मध्ये तर कबड्डी, विटीदांडू आणि पतंगबाजी होती. आज प्लेस्टेशन 5 मध्ये या डिस्क घातल्या तर काहीच होत नाही. माळ्यावरचं जुनं यंत्र चालतंय, तोवरच घरातली विटीदांडूची ती डिस्क चालणार.

काही निवडक जुने गेम्स कंपन्या डिजिटल स्वरूपात पुन्हा विकतात. पण घरातली डिस्क म्हणजे त्याचं तिकीट नाही, पैसे नव्याने मोजावे लागतात.

जुना कन्सोल विकण्याआधी काय बघाल?

• नव्या यंत्राला डिस्क ड्राइव्ह आहे का? प्लेस्टेशन 5 ची डिजिटल आवृत्ती आणि एक्सबॉक्स सिरीज एस यांना ड्राइव्ह येत नाही. तिथे प्लेस्टेशन 4 किंवा एक्सबॉक्स वनच्या डिस्कही निरुपयोगी. प्लेस्टेशन 5 च्या स्लिम डिजिटल मॉडेलला ड्राइव्ह वेगळा विकत घेऊन जोडता येतो.

• तुमचा गेम कंपनीच्या यादीत आहे का? नाव शोधूनच ठरवा.

• अर्धवट खेळलेल्या गेमचा सेव्ह नव्या यंत्रात जातो का? सगळ्याच गेम्सचा जात नाही.

तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत जुना कन्सोल राहू द्या माळ्यावर. त्या खोक्यातल्या डिस्क चालवणारी घरातली ती एकमेव गाडी असू शकते.