२३५६ रुपयांचं जेवण आणि न सापडलेलं सीताफळ

ट्रीट ठरली तेव्हा ऑक्टोबर सुरू होता. आमच्या चौघांतल्या एकाचं नाव पोलीस भरतीच्या निवड यादीत लागलं होतं. दोन वर्षं पहाटे पाचला उठून ग्राउंड मारलेला पोरगा. त्यानं आधीच सांगून टाकलं, "वडापाव-बिडापाव नाही. एसीत बसून खायचं." मग बीड शहराबाहेर नवं झालेलं 'फाइन डाइन' ठरलं. सगळ्यांनी रील्समध्ये पाहिलेलं, पण आत कुणीच न गेलेलं.

दारात दरवानानं सलाम ठोकला, तिथंच आम्ही अर्धे गार. आत उजेड इतका मंद की मेन्यू नीट वाचता येईना. मोबाइलचा टॉर्च लावला असता तर काम झालं असतं, पण लावला नाही. म्हटलं, उगाच गावाकडचे वाटू. त्या संध्याकाळी आम्ही जे जे केलं नाही, त्या सगळ्याचं कारण हेच होतं.

न विचारता पाण्याच्या दोन बाटल्या आल्या. वेटरनं लगेच झाकण फिरवलं. 'साधं पाणी मिळेल का?' एवढं चार शब्दांचं वाक्य चौघांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही. पनीर टिक्का वरून करपलेला, आतून गार. व्हेज कोल्हापुरीला रंग लाल होता, तिखट मात्र कोल्हापूरलाच राहिलं असावं. रोट्या एकेक करून एवढ्या निवांत आल्या की शेवटच्या दोन दालीत बुडवून संपवल्या. मध्येच कुणीतरी येऊन विचारलं, "एव्हरीथिंग ओके, सर?" आम्ही एका सुरात म्हणालो, "हो हो, छान!"

मग मेन्यूचं शेवटचं पान उघडलं. 'ताज्या बालाघाटी सीताफळाची रबडी, २२० रुपये.' आमचा होऊ घातलेला पोलीस धारूर तालुक्यातला. त्याचा चेहरा एकदम उजळला. "हे घेऊच. आमच्याकडचं आहे." दोन वाट्या मागवल्या, चौघांत मिळून. काचेच्या वाटीत, वर पुदिन्याचं पान खोवलेलं. मी पहिला चमचा घेतला. गोड होतं, घट्ट होतं, गार होतं. पण वास बाटलीतला. तळापर्यंत चमचा फिरवला, सीताफळाची एक पाकळी सापडली नाही.

"कसंय?" त्यानं विचारलं.

"भारी!" तिघंही म्हणालो.

बाहेर पार्किंगमध्ये गाडीला किक मारता मारता तो शांतपणे म्हणाला, "सीताफळ नव्हतं ते."

"तुला कळलं होतं?"

"पहिल्याच चमच्याला."

"मग बोलला कामून नाहीस?"

"तुम्ही भारी म्हणलात ना."

ही स्टोरी खरं तर इथंच सुरू होते. धारूर, अंबाजोगाई, केज हा बालाघाटच्या डोंगररांगांचा पट्टा. इथल्या खडकाळ, हलक्या जमिनीवर सीताफळ मुबलक येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. दसरा-दिवाळीच्या सुमारास रस्त्याकडेला पाट्या मांडून बसलेल्या बाया आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. आमच्या मित्राची आजी त्यांतलीच एक. म्हणजे ऐन हंगामात, सीताफळाच्या जिल्ह्यात, सीताफळ विकणाऱ्या आजीच्या नातवाला आम्ही सगळ्यांनी मिळून इसेन्स खाऊ घातला आणि वर 'भारी' म्हणालो.

इसेन्स वापरणं हा गुन्हा नाही. परवानगी असलेले स्वाद खाण्यात वापरता येतात. प्रश्न मेन्यूवर 'ताज्या सीताफळाची' असं छापण्याचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचं खोटं वर्णन करणारी जाहिरात 'दिशाभूल करणारी' ठरते. खाद्यपदार्थांबाबतच्या तक्रारींसाठी राज्यात अन्न व औषध प्रशासन आहे. ही नावं आम्ही मास कॉमच्या पेपरात लिहून मार्क मिळवलेत. टेबलावर मात्र एकही आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बिल पुन्हा उघडून पाहिलं. फोटो स्टोरीला टाकायला काढला होता. जेवणाचे २०४० रुपये. त्याखाली 'सर्व्हिस चार्ज १० टक्के', २०४ रुपये. मग या दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी. एकूण २३५६. माझी महिन्याची मेस याहून थोडीच जास्त आहे. सर्व्हिस चार्ज नसता तर २१४२ झाले असते. म्हणजे २१४ रुपये जास्तीचे गेले होते, तेही आमच्या नाही, मित्राच्या खिशातून.

बिलातल्या दोन ओळी एकसारख्या दिसतात, पण त्यांत मोठा फरक आहे. जीएसटी हा सरकारचा कर. साध्या रेस्टॉरंटला तो ५ टक्के असतो, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. हॉटेल कंपोझिशन योजनेत असेल तर त्याला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. सर्व्हिस चार्ज हा कर नाहीच. तो हॉटेलनं स्वतः लावलेला आकार. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला स्पष्ट सांगितलंय की तो बिलात आपोआप जोडायचा नाही, दुसऱ्या नावानंही घ्यायचा नाही आणि त्यावर जीएसटीही लावायचा नाही. द्यायचा की नाही, हे ग्राहकानं ठरवायचं. हॉटेल संघटना याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या याचिका फेटाळल्या.

बाटलीचं मात्र वेगळं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं की हॉटेलात बसून प्यायच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येतात, कारण तिथं नुसतं पाणी नाही, जागा आणि सेवाही विकली जाते. त्यामुळं आमचे ६० रुपये बाटलीमागे गेले ते कायद्यानं गेले. झाकण उघडण्याआधी तोंड उघडायला हवं होतं, एवढंच.

दोन दिवसांनी मी एकटीच तिथं गेले. पोटात गोळा होता, खोटं कशाला बोलू. मॅनेजरसमोर बिल ठेवलं आणि सर्व्हिस चार्जबद्दल विचारलं. वाद होईल म्हणून उत्तरं पाठ करून गेले होते. त्यांनी बिल पाहिलं आणि गल्ल्यातून २१४ रुपये काढून दिले. म्हणाले, "त्याच दिवशी म्हणाला असता तर तिथंच कमी केलं असतं की."

मग सीताफळाचं विचारलं. ते जरा ओशाळले. गर काढायला माणूस लागतो, एकेका पाकळीतून बी सोडवावी लागते, पिकलेलं फळ दोन दिवसांत काळं पडतं. बरं, गर उकळत्या दुधात घातला तर कडवट होतो, म्हणून रबडी गार झाल्यावरच मिसळावा लागतो. हे सगळं त्यांना पक्कं माहीत होतं! "मग मेन्यूत 'ताज्या' कशाला?" त्यांचं उत्तर असं: "आजपर्यंत कुणी विचारलंच नाही."

हे वाक्य डोक्यात बसलंय. त्यांनी लबाडी केली, ती त्यांची. पण ती चालली आमच्यासारख्यांच्या गप्प बसण्यावर. रस्त्याकडेच्या आजीकडून २० रुपयांची घासाघीस करताना आपला आवाज खणखणीत असतो. एसीत शिरलो की तोच आवाज कुठं जातो?

तर पुढच्या ट्रीटला जाताना एवढं लक्षात ठेवा. साधं पाणी मागा. बिल नीट वाचा, सर्व्हिस चार्ज दिसला तर काढायला सांगा. बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर आहे का बघा. ऐकलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग आहे, तो बीडलाही आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथं फी नाही. आणि गार पनीर आलं तर 'गार आहे' म्हणा. त्यासाठी कुठलाही कायदा लागत नाही.

त्या संध्याकाळी २१४ रुपये मित्राच्या हातावर ठेवले आणि सगळं सांगितलं. रबडी मलाही आवडली नव्हती, हेही सांगितलं. तो हसला.

"एवढ्याशा पैशांसाठी जीव गेला असेल तुझा."

"गेला," मी म्हणाले.

रविवारी तो गावाहून परत आला तो पिशवी घेऊनच. आजीनं निवडून दिलेली सीताफळं, डोळे उघडलेली, दोन तर वाटेतच फुटलेली. होस्टेलच्या पायरीवर बसून खाल्ली. "कसंय?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "एक जरा कच्चं निघालं."